आरोग्याचा जमाखर्च

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

बी. कॉम. झाल्यावर पुढे काय, असे आमच्या वर्गात कोणी विचारले तर उत्तरे तीन-चारच येतात. बँकेची परीक्षा, सी. ए., एम. बी. ए., आणि ज्याच्या घरचे दुकान आहे त्याने मुकाट्याने गल्ल्यावर बसणे. मीही गेल्या वर्षापर्यंत बँकेच्या परीक्षेची पुस्तकेच घोकत होतो. आरोग्यधोरणाचे संशोधन असा काही व्यवसाय असतो हे मला ठाऊक नव्हते, आणि कोणी सांगितले असते तरी ते डॉक्टरांचे काम म्हणून मी सोडून दिले असते. माझ्यासारखे आणखी चारदोघे या महाविद्यालयात असतील, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे.

सुरुवात घरातूनच करावी लागेल. माझे आजोबा वडगावात मागावर काम करीत. २०११ साली त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच की इस्पितळातून आल्यावर त्यांनी सदरा काढून आम्हा मुलांना छातीवरचा व्रण दाखवला होता. घरी बी. पी. एल. कार्ड होते आणि आदल्या वर्षीच उत्तर कर्नाटकात 'वाजपेयी आरोग्यश्री' योजना सुरू झाली होती. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, भाजणे अशा मोठ्या दुखण्यांचा इस्पितळातील खर्च सरकार परस्पर इस्पितळाला देत असे. आजोबांच्या शस्त्रक्रियेला घरचा पैसा जवळजवळ लागला नाही.

त्याच वर्षी हरिहरला माझ्या मावशीच्या यजमानांना तसाच त्रास सुरू झाला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याकडेही तेच कार्ड होते. पण हरिहर तुंगभद्रेच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. नदीच्या उत्तरेचे राणेबेन्नूर हावेरी जिल्ह्यात, म्हणजे बेळगाव विभागात. दक्षिणेचे हरिहर दावणगेरे जिल्ह्यात, म्हणजे बेंगळूर विभागात. योजना आधी कलबुर्गी आणि बेळगाव या विभागांना मिळाली. दक्षिणेकडे ती २०१२ मध्ये पोचली. काका एका मोठ्या इस्पितळात गेले, खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद घेतला, 'बघू, सुगीनंतर करू' म्हणाले आणि परत आले. सुगी झाली, पण काका राहिले नाहीत. आमच्या घरी या साऱ्याला आजवर एकच शब्द होता: नशीब.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एका शोधनिबंधाची छापील प्रत वर्गात फिरवली. तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली आला होता आणि विषय होता हीच आरोग्यश्री. लेखकांमध्ये डॉक्टर होते, तसेच अमेरिकेतील विद्यापीठात शिकवणारे नीरज सूद आणि बेंगळूरच्या आय. आय. एम. मधील अर्णब मुखर्जी यांच्यासारखे अर्थशास्त्र व धोरणाचे अभ्यासकही होते. त्यांनी केलेली युक्ती समजली तेव्हा मी बाकावर ताठ बसलो.

युक्ती अशी. योजनेने जीव वाचतात की नाही हे कसे ठरवायचे? योजना येण्यापूर्वीचे आणि नंतरचे मृत्यू मोजले तर मधल्या काळात इतरही पुष्कळ काही बदललेले असते. बेळगाव आणि म्हैसूर यांची तुलना केली तर दोन्हीकडचे पाणी, शेती, इस्पितळे सगळेच वेगळे. म्हणून या मंडळींनी योजनेच्या सीमारेषेला लागून असलेली गावे निवडली. अलीकडची ३०० आणि पलीकडची २७२, एकूण ५७२ गावे. दोन्ही बाजूंची माणसे तेच पीक काढतात, त्याच बाजाराला जातात; फरक काय तो कागदावरच्या रेषेचा. दोन्ही बाजू मिळून साठ हजारांहून अधिक घरांत जाऊन विचारपूस केली. ज्या दुखण्यांना योजना लागू होती त्यांमुळे दारिद्र्यरेषेखालच्या घरांत झालेल्या मृत्यूंचे प्रमाण रेषेच्या अलीकडे ०.३२ टक्के निघाले आणि पलीकडे ०.९० टक्के. शंभरात अर्धा माणूस, असे म्हटले की क्षुल्लक वाटते. दहा हजारांत अठ्ठावन्न माणसे, असे म्हणून पाहा.

येथे मी लगेच हात वर केला. म्हटले, "सर, पलीकडची इस्पितळेच वाईट असतील तर?" सर हसले आणि पुढचा तक्ता दाखवला. त्याच गावांतली जी घरे दारिद्र्यरेषेच्या वर होती, म्हणजे ज्यांना दोन्हीकडे योजना नव्हती, त्यांचेही प्रमाण काढलेले होते: अलीकडे ०.५६ आणि पलीकडे ०.५५. फरक जवळजवळ नाहीच. इस्पितळे किंवा रस्ते वाईट असते तर या घरांतही फरक दिसला असता. आपण ताळेबंद जुळतो का ते पाहतो, तशीच ही पडताळणी.

तासानंतर मी सरांना काकांची गोष्ट सांगितली. म्हटले, म्हणजे आमचे काका त्या रेषेमुळे गेले. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तसं तुला म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया होऊनही माणसं जातात. हा निबंध पाचशे बहात्तर गावांबद्दल बोलतो, तुझ्या काकांबद्दल नाही." मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. पण या क्षेत्रातला माझा पहिला धडा तोच होता. दुसरा धडा त्यांनी आठवड्याने दिला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचा एक अहवाल माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तू वाणिज्यचा. यात चूक शोध."

राष्ट्रीय आरोग्य लेखे म्हणजे देशाने आरोग्यावर वर्षभरात केलेल्या एकूण खर्चाची खातेवही. पैसा कोणामार्फत आला, कोणत्या इस्पितळाला वा औषध दुकानाला गेला आणि कशासाठी गेला, अशा तीन बाजूंनी तोच पैसा मांडायचा आणि तिन्ही बेरजा जुळवायच्या. विमा कंपनीने दिलेला पैसा इस्पितळाच्या खात्यातही मोजला तर दुबार नोंद होते. नव्या इमारतीचा खर्च चालू खर्चात मिसळला तर आकडा फुगतो. आपल्याला पहिल्या वर्षी शिकवलेला भांडवली आणि महसुली खर्चातला भेद येथे जसाच्या तसा कामी येतो. या अहवालांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेल्या पैशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. वाचून बरे वाटते. मी दोन दिवस बेरजा तपासल्या. त्या बरोबर होत्या. तसे सरांना सांगितले.

सरांनी विचारले, "तुझे काका यात कुठे आहेत?"

काका त्यात नव्हते. त्यांनी बसभाडे आणि तपासणीची फी दिली आणि घरी परतले. ज्याने पैशाअभावी उपचारच घेतला नाही, त्याच्या नावावर खर्च शून्य. खिशातून जाणारा पैसा दोन कारणांनी कमी दिसू शकतो: सरकारने भार उचलला म्हणून, किंवा माणूस इस्पितळाच्या दारातूनच परतला म्हणून. खातेवहीत दोघे सारखेच दिसतात. शिवाय वाटा कमी होणे म्हणजे रुपये कमी होणे नव्हे. बाकीचा खर्च वाढला तरी वाटा घटतो. अहवालात चूक नव्हती. त्याला जो प्रश्न विचारलेलाच नव्हता त्याचे उत्तर मी त्यात शोधत होतो. तो प्रश्न विचारण्यासाठी घरोघर जाणारे सर्वेक्षण लागते. या विषयाकडे मी वळलो तो त्या दिवशी, असे म्हणायला हरकत नाही.

सर्वेक्षण म्हणजे काय ते मे महिन्यात कळले. एका विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनीला खानापूर तालुक्यात प्रश्नावली भरून घेण्यासाठी मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी मुले हवी होती. सरांनी माझे नाव दिले. तीन आठवडे ऊन, कुत्री आणि चहा. प्रश्नावली बेंगळूरहून छापून आली होती. तिच्यात आजाराला 'अनारोग्य' असा पुस्तकी कानडी शब्द होता. आपल्याकडच्या कानडी आजीला तो विचारला तर ती तोंडाकडे बघत राहते. तिला 'आराम इल्ल' म्हटले की लगेच कळते. मराठी घरांत वेगळीच तऱ्हा. 'कोणी आजारी आहे का' म्हटले की उत्तर 'नाही', आणि मागे पडवीत म्हातारी गुडघे चोळत बसलेली! तिच्या मते गुडघे धरणे म्हणजे आजार नव्हे, वय. पहिल्या चार दिवसांत मी कितीतरी 'नाही' लिहून घेतले होते. त्या ताईंना हे सांगितल्यावर त्यांनी त्या घरांत पुन्हा जायला लावले आणि प्रश्न दोन्ही भाषांत बदलून घेतला. शाळेत मराठी माध्यम आणि गल्लीत कानडी, यामुळे इंग्रजीत मागे पडलो असे मी नेहमी म्हणत असे. या कामात मात्र ते भांडवल निघाले.

आता मार्गदर्शकाविषयी. आपल्याकडे मार्गदर्शक म्हणजे प्रबंधावर सही करणारा, अशी समजूत आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर नावाचे प्राध्यापक होते. जन्म मसुरीचा, आणि पंजाबातल्या नारंगवाल येथे त्यांनी स्वतः गावोगाव संशोधन केले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे त्या विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन कामाला लागले. त्याच विद्यापीठात १९८४ मध्ये शिकून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला गेले. तेथे ३९ गावांत प्रशिक्षित बायका घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवून तुलना केली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी बाळाची काळजी देशभर लागू केली. गावातून निघालेला पुरावा दिल्लीच्या परिपत्रकात जायला बारा वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे. ज्याला लगेच फळ हवे त्याने या वाटेला जाऊ नये.

वाट कशी आहे ते थोडक्यात. पहिली पायरी प्रश्नावली भरून घेण्याची, मग संशोधन साहाय्यक, मग पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणात आरोग्यधोरण, अर्थशास्त्र आणि वित्त अशी वेगळी शाखा काढली. पुण्याची गोखले संस्था, बेंगळूरची सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था, मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र येथेही या विषयावर काम होत आले आहे. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी पाहाव्यात. काही ठिकाणी कोणतीही पदवी चालते, काही ठिकाणी गणित वा संख्याशास्त्र लागते. संख्याशास्त्राला पर्याय नाही. 'आर' नावाची संगणक प्रणाली फुकट मिळते, ती आतापासून शिकता येते. वरचा शोधनिबंधही फुकट वाचता येतो.

अडचण सांगितली नाही तर ती फसवणूक होईल. या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. अनुदान संपले की नोकरी संपते. त्या ताईंच्या हाताखाली काम केलेल्या एका मुलाला मार्चअखेर घरी बसावे लागले, हे मी पाहिले आहे. बँकेत असे होत नाही. वडिलांचे म्हणणे तेच आहे आणि मला ते खोडता येत नाही. आम्हां दोघांत ठरले ते असे की बँकेची परीक्षा द्यायची आणि पदव्युत्तर प्रवेशाचा अर्जही भरायचा.

आणि सरांनी सांगितलेली एक गोष्ट. अनोळखी संशोधकाला पत्र लिहिताना 'मला आपल्या क्षेत्रात अतिशय रस आहे' असे लिहू नये; त्यांचा एक निबंध पुरता वाचावा आणि त्यात न कळलेली एक गोष्ट विचारावी. मी तसे पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी चार ओळींचे उत्तर आले, त्यात आणखी दोन निबंधांची नावे होती. नोकरीचा उल्लेख नव्हता.

दिवाळीत हरिहरला गेलो होतो. मावशीने ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात काकांचे कार्ड, ई. सी. जी.ची पट्टी आणि तो अंदाजाचा कागद होता. मी बेरीज करून पाहिली. मावशीने विचारले, बरोबर आहे का? बरोबर होती. तो आकडा मी वहीत उतरवून घेतला आहे. न झालेला खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा, ते सरांना विचारायचे आहे.