पावणेचार गुंठ्यांचे मैदान

मध्य रेल्वेच्या मार्गावर पारसिकचा डोंगर आणि मुंब्रा मागे पडले की दिवा जंक्शन लागते. मुंबई-कल्याण हा मुख्य मार्ग, वसईकडे वळणारा एक फाटा आणि पनवेलवरून रोह्याकडे व पुढे कोकणात उतरणारा दुसरा, असे लोहमार्ग येथे एकत्र येतात. सावंतवाडीची गाडी येथून सुटते. आणि दातिवली, आगासन, साबे, बेतवडे, म्हातार्डी या गावांची जी भातखाचरे व खाजणे खाडीच्या भरतीशी झगडत आली, त्यांच्यापैकी पुष्कळांवर गेल्या दोन-तीन तपांत चाळींची आणि इमारतींची दाटी झाली आहे. या दाटीत लालबाग-परळ सोडून आलेली, कोकणातून थेट उतरलेली आणि घाटावरून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. या सर्वांनी, आणि त्यांच्याही आधीपासून येथे असलेल्या आगरी-कोळी गावांनी, आपापल्या घरून जी एक गोष्ट समान आणली ती म्हणजे कबड्डी. खेळ जाणणारा इतका मोठा समाज एका ठिकाणी जमला असताना त्याची मंडळे क्षीण का व्हावीत, आणि ती पुन्हा नांदती करावयाची तर उपाय कोठून आरंभावा, याचा शोध घेणे मला अगत्याचे वाटते.

गिरणगावातील कबड्डीचे वैभव ज्यांनी पाहिले नाही, त्यांना ते केवळ काही असामान्य खेळाडूंच्या अंगच्या गुणांचे फळ वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या वैभवाखाली एक भूगोल होता, आणि तो भूगोल विसरला तर पुढील सारा विचार अधांतरी राहतो. गिरणी, चाळ आणि मैदान ही तीनही स्थळे पायी जाण्याच्या टापूत होती. पहिल्या पाळीचा कामगार दुपारी सुटला की सायंकाळी अंगाला माती लावून मैदानात उतरे, दुसऱ्या पाळीचा सकाळी येऊन मैदानाला पाणी मारी, आणि ज्याची पाळी रात्रीची असे तोही झोपेतून उठून घटकाभर काठावर येऊन बसे. दादरच्या विजय क्लबासारखी किंवा अमर हिंद मंडळासारखी मंडळे अशा वस्तीच्या आधाराने वाढली. गिरण्या आणि मोठ्या आस्थापना चांगल्या गड्याला नोकरीवर ठेवीत. १९५३ साली स्थापन झालेले कामगार कल्याण मंडळ कामगारांचे सामने भरवी. आणि चढाईला उतरलेल्या गड्याच्या दमाबरोबर काठावरच्या वृद्धांचाही श्वास रोखला जाई, कारण तो गडी त्यांच्याच जिन्यावरचा असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हा भूगोल कायमचा मोडला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पगाराबरोबर खोलीही सुटली, आणि कुटुंबे विरार, डोंबिवली, कल्याण, दिवा अशा दूरच्या मुक्कामांवर विखुरली. ज्या वर्षी हा संप झाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि पुढे ज्या दिव्यात या कुटुंबांपैकी कित्येकांनी घरे केली ते तिच्याच हद्दीत आहे. मंडळांची दफ्तरे, ढाली आणि चषक जुन्या पत्त्यावर राहिले. खेळणारे हात मात्र चाळीस-चाळीस किलोमीटरांवर गेले. खेळाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना पोरांना आता माती नको, त्यांना मोबाइल हवा, असे म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती मला अन्यायाची वाटते. मोबाइल आला तो फार पुढे. मैदान आणि घर यांची ताटातूट त्याच्या कितीतरी आधी झाली होती.

या खेळाने यापूर्वीही एकदा अशाच विस्कळीत अवस्थेतून स्वतःला सावरले आहे, आणि तो इतिहास प्रस्तुत विषयाला फार उपकारक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हुतूतू हा गावोगावी खेळला जात होता, परंतु प्रत्येक गावाचा कायदा निराळा असल्यामुळे एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की खेळापेक्षा भांडणच अधिक होई. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रातील जाणत्या मंडळींनी नियम बांधण्यास प्रारंभ केला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमबद्ध स्पर्धा भरविली. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना अधिक पक्के रूप दिले. आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांचे जे प्रयोग केले त्यांत कबड्डीही होती. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

या नियमकर्त्यांनी केलेली एक निवड मला फार दूरदृष्टीची वाटते. त्या काळी खेळाचे तीन प्रकार रूढ होते. अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजला जाई. गामिनीत एकदा बाद झालेला गडी आपला सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर तिष्ठत बसे. आणि संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी परत आत येई. अमरमध्ये चुकीला किंमत नव्हती आणि गामिनीत चुकलेल्याला आशा नव्हती. संजीवनीत दोन्ही होत्या, आणि आजची कबड्डी तिच्याच पायावर उभी आहे. बाहेर बसलेल्या माणसाला परत आत आणण्याची तजवीज खेळाच्या कायद्यातच केल्यामुळे कच्चा गडीही एका सामन्यात पुनःपुन्हा खेळला, शिकला आणि टिकला. मंडळाच्या कारभारातही हेच तत्त्व लागू करता येते, असे माझे मत आहे, आणि त्याकडे मी पुढे वळणारच आहे.

ज्या प्रांताने नियम घडविले, ज्याने शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारखा आयुष्यभर या खेळाचा संसार करणारा संघटक दिला आणि ज्याने त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून मानला, त्या महाराष्ट्राच्या पुरुष संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी ११ वर्षे वाट पाहावी लागली. ती प्रतीक्षा २०१८ च्या जानेवारीत हैदराबादेस रिशांक देवाडिगा याच्या नेतृत्वाखाली सेनादलाचा पराभव करून संपली. मधल्या काळात अग्रस्थान हरियाणाने आणि दिल्लीच्या सीमेवरील खेड्यांनी घेतले. राकेश कुमार आणि मनजीत छिल्लर हे दोघे एकट्या निजामपूर गावचे. तेथे कोणी अद्भुत शास्त्र शोधून काढले नव्हते. घर, शेत आणि आखाडा ही तेथे अजून पायी चालण्याच्या अंतरावर होती, एवढेच त्याचे रहस्य.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, आणि या खेळाची प्रतिष्ठा एका रात्रीत पालटली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पहिल्या हंगामाचे प्रेक्षक सुमारे साडेत्रेचाळीस कोटी असल्याचे जाहीर झाले. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती, ती २०१८ मध्ये दीड कोटीपलीकडे गेली. आणि २०२४ मध्ये अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने अजिंक्यपद आणले तेव्हा नगर-नाशिककडच्या पोरांना आपलेपणाचा जो अभिमान वाटला तो खरा होता. कबड्डी खेळतो असे सांगताना ज्या मुलाला पूर्वी संकोच वाटे, त्याला आता वाटत नाही. हा लाभ लहान नाही.

तथापि प्रेक्षक आणि मंडळ या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि पहिलीच्या वाढीने दुसरी आपोआप वाढत नाही. दूरचित्रवाणीवर सामना पाहून उठलेल्या मुलाला त्याच आठवड्यात, त्याच्या घराजवळ, त्याच्या वयाचे आणखी तेरा जण आणि एक रेघा मारलेले मैदान मिळाले, तरच तो प्रेक्षकाचा गडी होतो. एरवी त्याचा उत्साह हंगामाबरोबर ओसरतो. दिव्याची अडचण नेमकी येथे आहे. येथील नोकरदार तरुण पहाटेची गाडी पकडतो आणि रात्री नऊ-साडेनऊला लोंबकळत परततो. त्याच्याकडून सायंकाळी सहाच्या सरावाची अपेक्षा करणे म्हणजे गिरणगावाचे घड्याळ दिव्याच्या भिंतीवर टांगणे होय. जी मंडळे अजूनही त्या जुन्या वेळेला चिकटून आहेत ती ओस पडतात, आणि मग दोष तरुणांच्या निष्ठेला दिला जातो. रविवारची सकाळ आणि आठवड्यातून एक-दोन रात्री प्रकाशझोतातील सराव, एवढी वेळ ठरवून ती कोणत्याही सबबीवर न मोडणे, हा पहिला उपाय आहे. सरावाला चौघेच आले तरी मैदान उघडले पाहिजे, कारण पाचवा येतो तो ते उघडे असते या भरवशावर.

दुसरा उपाय मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. प्रौढ पुरुष दिवसभर दिव्यात नसतात, परंतु शाळकरी मुले आणि विशेषतः मुली येथेच असतात. मंडळाचे पुनरुज्जीवन करू पाहणारे बहुतेक जण प्रथम खुल्या गटाचा पुरुष संघ जमवितात, त्यासाठी बाहेरून दोन नावाजलेले गडी आणतात, एखादी बक्षिसांची मोठी स्पर्धा भरवितात आणि वर्षभरात थकून जातात. त्याऐवजी किशोरी गटापासून आरंभ का करू नये? २०१२ मध्ये पाटण्यास महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या, आणि राज्य शासनाने त्या प्रत्येकीला एक कोटी रुपयांचे पारितोषिक दिले होते. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, हेही पालकांना आवर्जून सांगण्यासारखे आहे, कारण चाळीतल्या आईला मुलीला संध्याकाळी मैदानावर धाडण्यासाठी भविष्याचा काही दाखला हवा असतो, आणि तो मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. त्या आईला मैदानाच्या काठावर बसावयास जागा, दिव्याचा उजेड आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टी मिळाल्या तर मुलींचा गट जमविणे मुळीच कठीण नाही. मुलींबरोबर धाकटे भाऊ येतात, धाकट्यांबरोबर बाप येतात, आणि मंडळ बघता बघता घराघरांचे होते.

आता संजीवनीचे तत्त्व. एका अधिकृत सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहा अधिकारी लागतात. मैदान आखणारे, माती चाळून पाणी मारणारे, पावतीपुस्तक सांभाळणारे निराळेच. म्हणजे सात-सात गड्यांच्या सामन्याभोवती, न खेळणाऱ्या दहा-बारा माणसांना मानाचे काम आहे. ज्याचा गुडघा गेला, ज्याचे वय झाले, ज्याची नोकरी रात्रीची आहे, तो आपल्याकडे मंडळातून बाद होतो आणि बादच राहतो. त्याला पंचपरीक्षेला बसविले, गुणलेखन शिकविले, किशोर गटाचा सांभाळ सोपविला, की तो परत आत येतो आणि आपल्याबरोबर वीस वर्षांचा अनुभव घेऊन येतो. लालबाग-परळहून आलेल्या घरांतून असे जाणते पुरुष आज निवृत्त होऊन बसलेले असतील. त्यांना शोधून काढणे हे कोणत्याही वर्गणीपेक्षा अधिक मोलाचे कार्य आहे.

याच्याशी लागून एक नाजूक गोष्ट आहे. गावठाणातील आगरी मंडळे जत्रा-उत्सवाच्या निमित्ताने सामने भरवितात, आणि चाळींतील रहिवासी आपापल्या सोसायटीच्या नाहीतर गावाकडच्या मंडळाच्या नावाने खेळतात. एक गट भूमिपुत्र म्हणून मानी, दुसरा उपरेपणाच्या जाणिवेने संकोचलेला. दोघांचाही वारसा तितकाच जुना आणि तितकाच अस्सल आहे. गावठाणाकडे ओळख आणि थोडीफार जागा आहे, चाळींकडे मुले आहेत. या दोघांनी वर्षातून एक स्पर्धा संयुक्त कारभाराने भरविली, आणि संघ मंडळवार न पाडता प्रभागवार पाडले, तर दिव्याची कबड्डी एका हंगामात दुप्पट होईल अशी माझी खात्री आहे.

राहिला प्रश्न जागेचा. दिव्यात जागा कोठे आहे, असे म्हणून हा विषय नेहमी मिटविला जातो, आणि ज्या प्रदेशात प्रस्तावित द्रुतगती रेल्वेच्या ठाणे स्थानकासाठी म्हातार्डीला भूमी मिळू शकते तेथे ही सबब ऐकताना वाईट वाटते. क्रिकेटला विस्तीर्ण मैदान लागते, फुटबॉलला लागते. कबड्डीला लागत नाही. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर असते, आणि सातबाराच्या भाषेत ते सव्वा गुंठ्याहून किंचित अधिक भरते. चारी बाजूंनी चार-चार मीटर मोकळे सोडले तरी २१ गुणिले १८, म्हणजे ३७८ चौरस मीटर, पावणेचार गुंठे. महिलांचे मैदान १२ मीटर गुणिले ८ मीटर, ते याच आखणीत बसते. रबरी गाद्यांचा खर्च आरंभी करण्याचे कारण नाही. पावसाळा सरल्यावर भराव टाकून उंच केलेली, लाल मातीची, पाणी निचरणारी जागा आठ महिने उत्तम चालते.

ठाणे महानगरपालिकेने दिवा प्रभागातील क्रीडांगणाच्या आरक्षणांतून, ती जेथे अतिक्रमणातून अद्याप वाचली आहेत तेथे, दर दोन शाळांमागे असे एक पावणेचार गुंठ्यांचे मैदान कुंपण व दिवे लावून खुले करावे, त्याचा ताबा कोणा एका मंडळाकडे न देता परिसरातील शाळा व मंडळे यांच्या संयुक्त समितीकडे सोपवावा, आणि दिव्यातील ज्या वाचकांनी कधीकाळी एकदा जरी मध्यरेषा ओलांडून चढाई केली असेल त्यांनी या मागणीचा अर्ज आपल्या नगरसेवकाकडे येत्या हंगामापूर्वी सही करून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.