जीपच्या हुडाचे कापड

जुनी जीप हौसेने बाळगणाऱ्या गृहस्थाला इंजिनाच्या दुरुस्तीविषयी सल्ला देणारे मुबलक भेटतात. पण लोखंडी कमानींवर ताणलेले तिचे हूड एकदा विरले, दुमडींवर उकलले किंवा बुरशीने काळवंडले, म्हणजे नवे कोणत्या कापडाचे शिवावे या बाबतीत मात्र कुशनवाल्याच्या दुकानात जो तागा पुढे येईल त्यावरच त्याला बहुधा समाधान मानावे लागते. वास्तविक हा प्रश्न रंगाचा किंवा शोभेचा नसून, गाडी कोणत्या हवेत वावरणार आणि रात्री कोणत्या आडोशाला उभी राहणार, याचा आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावर, जिथे वर्षाकाठी सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे जो जिन्नस इमानाने चाकरी करील, तोच चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात दोन-चार उन्हाळ्यांतच जायबंदी होईल.

१९४१ ते १९४५ या महायुद्धाच्या काळात ज्या विलीज जीप तयार झाल्या, त्यांचे हूड जाड सुती कॅनव्हासचे असे. आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत बांधलेल्या जीप त्याच घराण्यातल्या असल्यामुळे, मूळ रूपाचा ज्याला आग्रह आहे त्याने कॅनव्हासच घ्यावे. कॅनव्हासचा सर्वांत मोठा गुण असा, की पाणी लागताच त्याचे सूत फुगते आणि विणीतली बारीक रंध्रे, एवढेच काय, शिवणीतली सुईची भोकेही, आपोआप बुजत जातात. शिवाय त्यातून हवा खेळत असल्याने आत बसणाऱ्यांच्या श्वासाचा दमटपणा साचून राहत नाही. चौरस वाराला १५ औंस भरणारे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे कापड जीपला पुरेसे होते. मात्र कोरे कॅनव्हास पहिल्या पावसात आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून मगच बेतावे. आणि ओले असताना घडी घालून ठेवले, तर बुरशी त्याचा फडशा पाडते. कोकणात गाडी उघड्यावर ठेवणाऱ्याने या मोहात न पडणे बरे.

त्याच्यासाठी रेक्झिन, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर चढवलेला जिन्नस, अधिक किफायतशीर. त्यावरून पाणी निथळून जाते, साबणाच्या पाण्याने ते धुता येते आणि किंमतही बेताची असते. परंतु पीव्हीसीला मऊपणा देणारी द्रव्ये कडक उन्हात हळूहळू उडून जातात, आणि मग ते कडक होऊन नेमक्या दुमडीवर तडकते. विदर्भात रेक्झिनची कारकीर्द आखूड ठरते, ती या कारणाने.

तिसरा पर्याय खर्चिक, पण गुणांनी सरस आहे. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी नाफ्थ्यात रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांच्या मध्ये बसवण्याचे पेटंट घेतले. आजच्या उंची विलायती मोटारींची कापडी छपरे याच युक्तीची वंशज होत. त्यांत वर ॲक्रिलिकचे विणकाम, मध्ये रबर आणि आत अस्तर असते. बाजारात पुष्कळदा हे कापड मोहेअर म्हणून विकले जाते खरे, पण अंगोरा शेळीचा एक केसही त्यात बहुधा नसतो! धाग्यातच मुरवलेला रंग उन्हात टिकतो आणि वेगात गाडीचा गोंगाटही कमी होतो. तथापि ज्या जीपला धड दारेही नाहीत, तिच्यावर एवढा खर्च करणे मला तरी उधळेपणाचे वाटते.

मॅकिंटॉश यांच्या कापडाची पहिली बदनामी झाली ती कापडामुळे नव्हे, तर शिंप्यांनी पाडलेल्या सुईच्या भोकांतून पाणी झिरपल्यामुळे. आणि आजही गळके हूड तपासले, तर दोष बहुतेक शिवणीतच सापडतो. रेक्झिनमधली भोके कॅनव्हाससारखी फुगून मिटत नाहीत. सबब त्याची शिवण मालमोटारीच्या ताडपत्रीप्रमाणे उष्णतेने सांधून घ्यावी, निदान आतून पट्टी चिकटवून घ्यावी. दोरा साधा सुती असेल तर तो कुजतो. कॅनव्हाससाठी आत पॉलिएस्टर आणि बाहेर सूत असलेला दोरा मिळाल्यास उत्तम, कारण तो फुगतोही आणि टिकतोही.

कारागीर बहुधा जुने हूड उसवून त्याच्यावरच नवे बेतू पाहतो. त्याला तशी मुभा देऊ नये. वर्षानुवर्षे ताणलेले किंवा आटलेले कापड मूळ मापाची साक्ष देत नाही, म्हणून माप घ्यायचे ते कमानी उभ्या करून, काचेच्या चौकटीपासून मागच्या पट्ट्यापर्यंत. कमान जिथे घासते तिथे आतून दुहेरी कापडाची पट्टी लावून घ्यावी. रेक्झिनचे हूड चढवायचे असेल, तर सकाळच्या गारव्यात टिचबटणांच्या जागा मुक्रर करू नयेत. गारठ्यात ते आखडलेले असते आणि दुपारी सैल पडून झोळ धरते. कापड उन्हात तासभर पसरून, चांगले ऊबदार झाल्यावरच ताणावे.