पदार्थविज्ञानाचे अध्ययन आणि विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनालाही स्थान दिले आहे. ह्या तरतुदीचा स्वीकार करताना एका मूलभूत प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. 'हा पाठ मला समजला' असे विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय समजलेले असते? संकल्पना, की केवळ शब्द?

माध्यमिक शाळेतील पदार्थविज्ञानात हा प्रश्न विशेष तीव्र होतो; कारण तेथील मराठी परिभाषेत व्यवहारातील शब्दांचा भरणा मोठा आहे. बोलताना बल, शक्ती आणि जोर हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. चाल आणि वेग ह्यांतही कोणी भेद करीत नाही. शास्त्रात मात्र वेगाला दिशा असते, चालीला नसते. आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर होय. शब्द परिचयाचा असल्यामुळे अर्थही परिचयाचा आहे असा भास होतो, आणि ह्या भासालाच विद्यार्थी आकलन समजतो. 'त्वरण' हा अपरिचित शब्द निदान अज्ञानाची जाणीव तरी करून देतो. 'बल' हा शब्द ती जाणीवही होऊ देत नाही.

एक उदाहरण घेऊ. पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी ह्या मार्गावर ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली. त्या मार्गावरील संत तुकाराम नगर स्थानक सोडल्यावर गाडी काही काळ सरळ रुळांवर एकसमान वेगाने धावत आहे, अशी कल्पना करावी. तिच्यावरील एकूण परिणामी बल किती? न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीही पुष्कळदा 'गतीच्या दिशेने बल आहे' असे उत्तर देतो. वास्तविक ते शून्य असते. यंत्राचे बल घर्षण व हवेचा रोध ह्यांना केवळ तोलून धरते. 'जेथे गती तेथे बल' ही धारणा पाठांतराने हटत नाही, हे हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बलसंकल्पना-चाचणीने दाखवून दिले आहे.

अशा विद्यार्थ्याने 'समजले' ह्या रकान्यात खूण केली, तर तो खोटे बोलत नसतो. त्याच्याजवळ मोजपट्टीच नसते. स्वतःचे काम सुधारण्यासाठी अपेक्षित दर्जाची कल्पना, त्याच्याशी आपल्या कामाची तुलना आणि उरलेले अंतर भरून काढण्याची कृती ह्या तीन गोष्टी आवश्यक आहेत, असे सॅडलर ह्यांनी १९८९ मध्ये प्रतिपादिले. पुढे व्हाइट व फ्रेडरिक्सन ह्यांनी अमेरिकेतील सातवी ते नववीच्या वर्गांत, ठरविलेल्या निकषांवर विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या कामाचे परीक्षण करविले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ह्याचा विशेष लाभ मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना झाला.

तात्पर्य, स्वयंमूल्यमापन ही खुणेची नव्हे, वाक्याची बाब आहे. विद्यार्थ्याने प्रयोगापूर्वी आपला अंदाज व त्याचे कारण लिहावे, आपल्याला किती खात्री आहे तेही नोंदवावे, आणि प्रयोगानंतर आपल्या कोणत्या शब्दाचा अर्थ बदलला हे स्वतःच्या भाषेत मांडावे. हे न घडल्यास अकरावीत माध्यम इंग्रजी झाल्यावर तीच चूक परक्या शब्दाआड दडते, आणि मग ती शोधणे शिक्षकालाही दुष्कर होते.