उरलेली किडनी किती साथ देईल?

“बेटा, गाठीबरोबर किडनीचा तुकडा काढला, तर पुढं डायलिसिस लागेल का?” वरळी कोळीवाड्यातून परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघताना खालाजानने विचारलं.

मी वहीत गणित मांडलं. क्रिएटिनिनवरून काढलेला जीएफआर ८०. डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही किडन्यांचं काम निम्मं-निम्मं. एकीचा पाचवा भाग गेला, तर एकूण दहावा भाग घटेल, म्हणजे साधारण ७२. तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर जुनाट आजार म्हणतात.

हिशेब ढोबळच. ऑपरेशनमध्ये रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवतात, त्याचाही फटका बसतो. पण आधीची ताकद आणि वाचलेला निरोगी भाग यांचं वजन जास्त. दुसरी किडनी थोडा भार उचलते. मला काळजी खालाजानच्या शुगरची.

ऑपरेशनआधीचा रिपोर्ट जपून ठेवा. डॉक्टर तुलना त्याच्याशीच करतात.