तड्यांच्या शास्त्रात करिअर

१० जानेवारी १९५४ रोजी ब्रिटिश बनावटीचे 'कॉमेट' हे प्रवासी जेट विमान इटलीच्या एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले. उड्डाणे थांबवून काही सुधारणा करण्यात आल्या, विमाने पुन्हा उडू लागली आणि ८ एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. कारण शोधण्यासाठी फार्नबरो येथे अशाच एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनमधील दाब पुन:पुन्हा चढवण्या-उतरवण्यात आला. आधीची प्रत्यक्ष १,२२१ आणि टाकीतील १,८३६ मिळून ३,०५७ उड्डाणांइतका ताण सोसल्यावर केबिन फाटली. तडा सुरू झाला होता तो पत्र्यात कापलेल्या एका छेदाच्या कोपऱ्यापाशी. एकदा सहज पेलला जाणारा भार हजारो वेळा येत राहिला की धातू हार मानतो. अभियंते यालाच धातूचा थकवा किंवा 'फटीग' म्हणतात.

हा थकवा कोठे, केव्हा आणि का येतो, याचा अभ्यास दोन शास्त्रे मिळून करतात. भार आल्यावर वस्तूच्या आत ताण कसा पसरतो, हे सांगते सॉलिड मेकॅनिक्स. तो ताण सोसण्याची कुवत पदार्थाच्या अंतर्गत रचनेत कोठून येते, हे सांगते मटेरियल्स सायन्स. (शालेय 'पदार्थविज्ञान' म्हणजे भौतिकशास्त्र, त्याच्याशी याची गल्लत करू नये.) पहिले यंत्र, स्थापत्य व एरोस्पेस शाखांत शिकवले जाते, तर दुसरे धातुशास्त्र विभागात, पण तडा गेलेल्या पात्याला हे विभाग ठाऊक नसतात! ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२०-२१च्या सुमारास काचेच्या तंतूंवर प्रयोग करून दाखवले, की पदार्थाची बळकटी त्यातील सूक्ष्म तड्यांवर ठरते. दोन्ही शास्त्रे खऱ्या अर्थाने जोडणाऱ्या 'फ्रॅक्चर मेकॅनिक्स'चा पाया तेथे घातला गेला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी शिक्षणाची सोय घराजवळ आहे. आयआयटी मुंबई, पुण्याचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नागपूरचे व्हीएनआयटी येथे धातुशास्त्राचे जुने व नावाजलेले विभाग आहेत. प्रवेशफेऱ्यांत संगणक शाखा आधी भरते आणि धातुशास्त्र हाती 'आले म्हणून' घेतले जाते, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. मात्र अशा नाइलाजाने आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी शाखा बदलण्याचा ध्यास घेण्यापूर्वी पुढचा रस्ता एकदा पाहून घ्यावा.

बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व आयआयटी येथे पीएचडी करता येते. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली असून वरिष्ठ टप्प्यावर ती ४२ हजार रुपये आहे. ही रक्कम सॉफ्टवेअरमधील पगाराशी ताडून पाहिली तर निराशा होईल. चार-पाच वर्षे या रकमेवर काढण्याची घरची तयारी आहे का, हा प्रश्न आधीच मोकळेपणाने विचारलेला बरा.

सरकारी प्रयोगशाळांचे क्षेत्र मोठे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत अभियंत्यांप्रमाणेच भौतिक व रसायनशास्त्राच्या पदव्युत्तरांनाही संधी असते. निवड झालेल्यांना एक वर्षाच्या प्रशिक्षणानंतर वैज्ञानिक अधिकारीपद मिळू शकते. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुशास्त्र प्रयोगशाळेत तप्त अवस्थेतील धातू वर्षानुवर्षे कसा हळूहळू ताणला जातो, याच्या चाचण्या चालतात. बेंगळुरूची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा, सैन्यासाठी पूल घडवणारी पुण्याजवळील दिघीची डीआरडीओ प्रयोगशाळा, वाहनांची तपासणी करणारी पुण्याचीच एआरएआय अशी ही यादी लांबवता येईल.

खासगी क्षेत्रात पुणे-पिंपरी-चिंचवडच्या वाहन व फोर्जिंग उद्योगाला असे मनुष्यबळ लागते. संगणकावर ताणाचे गणित करणाऱ्या 'फायनाइट एलिमेंट' विश्लेषकांना विशेष मागणी असते. येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. अनेक खासगी वर्ग काही महिन्यांत सॉफ्टवेअर 'शिकवून' देतात. रंगीत चित्रे काढता येऊ लागतात, पण त्यांचा अर्थ लावता येत नाही. ताणलेल्या रुंद पट्टीला लहान गोल छिद्र पाडले, तर त्याच्या कडेशी ताण तिप्पट होतो. हे उत्तर जाळी कितीही बारीक केली तरी तिपटीजवळच स्थिरावते. त्याऐवजी आतल्या बाजूला टोकदार कोपरा ठेवला, तर जाळी जितकी बारीक तितका ताणाचा आकडा वाढत जातो आणि तो कोठेच थांबत नाही. हे ठाऊक नसलेला उमेदवार आलेला कोणताही आकडा अहवालात लिहून मोकळा होतो. मुलाखतीत नेमके हेच विचारले जाते, आणि विचारले जावेही. त्या आकड्यावर कुणीतरी गाडीचा सुटा भाग घडवणार असतो.

शास्त्राची व्याप्ती आता धातूंपुरती उरलेली नाही. मुंबईत जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले डॉ. सुब्रा सुरेश यांचा पदार्थांच्या थकव्यावरील ग्रंथ जगभर वापरला जातो. पुढे त्यांनीच मलेरियाच्या जंतूंनी ग्रासलेली लाल रक्तपेशी किती ताठर होते, याची मोजमापे केली. निरोगी पेशी वाकून केशवाहिनीतून निसटते, ताठर झालेली पेशी अडकते. म्हणजे प्रश्न पुन्हा ताण आणि विकृतीचाच!

पदव्युत्तर प्रवेशासाठी 'गेट' परीक्षा महत्त्वाची आहे. यंत्र व धातुशास्त्राच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिकांशिवाय 'एक्सई' ही अभियांत्रिकी विज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. तीत गणित अनिवार्य असून उरलेल्या विभागांतून दोन निवडायचे असतात. सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल्स सायन्स ही जोडीही घेता येते. मात्र प्रत्येक विभाग वा नोकरीसाठी 'एक्सई'चे गुण चालतातच असे नाही. अर्ज भरण्यापूर्वी संबंधित संस्थेची जाहिरात वाचावी. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ही परीक्षा देता येते व गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात.