दातामागून जाणारे हाड

दात काढला की फक्त दात गेला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्यामागून हाडही निघालेले असते. मुळाला धरून ठेवणारे जबड्याचे हाड दातासाठीच असते. चावण्याचा ताण मुळातून पोहोचला तरच ते टिकते. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘बघू सावकाश’ म्हणणाऱ्याला हा उशीर महाग पडतो.

१९६५ साली दोन गोष्टी घडल्या. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमच्या स्क्रूंवर पहिल्यांदा एका रुग्णाला दात बसवले. हाड या धातूला घट्ट धरते, हे त्यांना सशांवरील प्रयोगांत दिसले होते. त्याच वर्षी अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी दाखवले, की खनिजे काढून टाकलेले हाड शरीरात ठेवले तर तिथे नवे हाड तयार होते. पहिला शोध खुंटीचा, दुसरा ती जिथे रोवायची त्या जमिनीचा.

ही जमीन आणायची कुठून? रुग्णाचे स्वतःचे हाड उत्तम. पण त्यासाठी हनुवटीत किंवा अक्कलदाढेमागे दुसरी जखम करावी लागते. बाजारातली बरीच हाडभुकटी गाईच्या हाडापासून केलेली असते. घाटकोपर-मुलुंडमधल्या जैन आणि वैष्णव घरांत ही बाब किरकोळ नाही. दंतवैद्य म्हणून माझे मत स्पष्ट आहे: संमतीपत्रावर सही घेण्याआधी हे सांगितलेच पाहिजे. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट हा एक पर्याय. दुसरा, दान केलेले मानवी हाड. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८पासून ऊतिपेढी आहे. तिथे असे हाड स्वच्छ करून, गोठवून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते.

भुकटी भरली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ती फक्त मचाण असते. त्यावर हाड रुग्णाच्या शरीरालाच उभारायचे असते. त्याला बहुधा चार ते सहा महिने लागतात. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि तंबाखू हे काम बिघडवतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या काही औषधांनी क्वचित जबड्याची जखम भरत नाही, म्हणून ती आधीच सांगावीत.

दात काढायला जाल त्याच दिवशी विचारा: हाडाचे काय करणार? आणि भुकटी भरणार असाल, तर ती कशाची?