पश्चात्ताप आणि क्षमा

श्रद्धावान मनुष्याचाही कसोटीच्या क्षणी धीर सुटतो. अशा माणसाला परतीची वाट आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापुढे अगदी आरंभापासून उभा आहे.

येशूच्या अटकेच्या रात्री त्याचे दोन शिष्य चुकले. यहूदाने त्याला धरून दिले; पेत्राने त्याला तीनदा नाकारले. दुःख दोघांनाही झाले. यहूदाने तर घेतलेली तीस नाणी परत केली, आपला अपराधही बोलून दाखविला. परंतु नंतर तो एकटाच निघून गेला आणि त्याने स्वतःचा अंत करून घेतला. पेत्र रडला, पण सोबत्यांत राहिला. पुढे सरोवराकाठी येशूने त्याला प्रेमाविषयी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा मेंढरे सांभाळण्याचे काम सोपविले. नव्या करारातील पश्चात्तापवाचक मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे. नुसती हळहळ म्हणजे पश्चात्ताप नव्हे.

हे एका व्यक्तीपुरते झाले. शेकडो माणसे चुकली, तर समाजाने काय करावे? हा प्रसंग तिसऱ्या शतकात आला. इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसच्या आज्ञेने प्रत्येकाला देवतांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा लागला. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. काही ख्रिस्ती लोकांनी प्राण दिले; पुष्कळांनी बळी दिला; कित्येकांनी पैसे चारून नुसता दाखला मिळविला. छळ ओसरू लागताच हीच मंडळी चर्चच्या दाराशी आली.

तुरुंगवास सोसलेले काही जण त्यांना सढळ हाताने शिफारसपत्रे देऊ लागले. उलट रोमचा नोव्हेशियन त्यांना परत घ्यावयास मुळीच तयार नव्हता. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः अज्ञातवासात राहिला होता व त्याबद्दल त्याला बोलही लागला होता. त्याने या दोन्ही वाटा नाकारल्या. २५१ च्या धर्मसभेत ठरले की, दाखला विकत घेणाऱ्यांचा विचार एकेकाचे प्रकरण पाहून करावा. बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त घ्यावे, आणि मरणसमयी त्यांच्याशी समेट व्हावा. पुढे लवकरच नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच आत घेण्यात आले. ज्यांना पुन्हा झुंजावयाचे आहे त्यांना प्रभुभोजनावाचून रणात कसे धाडावे, असा त्यामागील विचार होता. २५८ साली श्रद्धेपायी सिप्रियनचाही शिरच्छेद झाला.

क्षमा मागताक्षणी हाती पडली, तर ज्यांनी यातना सोसल्या त्यांचा अपमान होतो. ती कधीच मिळणार नसेल, तर चुकलेला मनुष्य यहूदाच्या वाटेने जातो. म्हणून त्या धर्मसभेने दार उघडे ठेवले, आणि आत येणाऱ्याला काही पायऱ्या चढावयास लावल्या.